पिवळी खिडकी

भिंतीला टेकवलेलं शेवटचं चित्रही लेकीनं वळवून पाहिलं. पिवळी खिडकी त्यातही नव्हती.

"बाबा, अहो गेलं कुठे ते चित्र?"

"असेल इथंच कुठेतरी," बाबा म्हणाले आणि स्वच्छ असलेला ब्रश पुन्हा पुसत बसले.

उद्या हे घर सोडून ते लेकीकडे राहायला जाणार होते. तिच्याकडे एकच भिंत मोकळी होती आणि तिथं तिला आईचं लाडकं चित्र हवं होतं. दुसरं कुठलंही नको.

आईची नजर गेल्यापासून घरात एक रिवाजच पडला होता. दिवेलागणीला ती वेताच्या खुर्चीत बसायची आणि बाबा तिला दिवसभरात काय रंगवलं ते सांगायचे. एरवी एका शब्दाला महाग असलेला माणूस तेव्हा नुसता सुटायचा. आईही काही कमी नव्हती.

"ती पिवळी खिडकी फार बडबडतेय हो. गप्प करा तिला जरा."

"केली गप्प. राखाडी हात फिरवला," बाबा दुसऱ्या दिवशी सांगायचे.

आईच्या अखेरच्या आजारपणात लेक इथंच राहिली होती. चित्र पुरं होईपर्यंत बाबांच्या खोलीत जायची कुणाला सोय नव्हती, पण स्वयंपाकघरातून कान देऊन तिनं सगळं ऐकलं होतं. गजाला अडकलेली लाल रिबीन, पायरीवरची ओली चप्पल. आजही तिला ते चित्र तोंडपाठ होतं.

कोपऱ्यातल्या चित्राच्या घोडीवर चादर टाकलेली होती. तिनं ती ओढली. कॅनव्हास कोरा करकरीत होता.

"हात थरथरायला लागला होता गं," बाबा खाली बघत म्हणाले. "रेघ धड येईना. तिला कुठल्या तोंडानं सांगू? मग नुसतं सांगतच राहिलो."



"आईला कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? अंगाला टर्पेंटाइनचा वास नाही, आणि तिचं नाक केवढं तिखट! पण रोज विचारायची, आज कुठवर आलं म्हणून."

लेकीनं वेताच्या खुर्चीवरचं गाठोडं खाली ठेवलं. खुर्चीत बसून डोळे मिटून घेतले.

"बाबा, आज कुठवर आलं?"

मग स्टूल जवळ ओढल्याचा आवाज आला.

"खिडकी अजून जरा बडबडतेय," बाबा म्हणाले.