लख्खरावांचा सातवा तुकडा

डोंगरउताराच्या सातव्या तुकड्यातल्या तिसऱ्या पिंजऱ्याचं दार पडलेलं दिसलं, तेव्हा लख्खरावांना वाटलं, वाऱ्याने पडलं असेल. या तुकड्यात अकरा वर्षांत एकही उंदीर सापडला नव्हता, त्यामुळे सगळं वाऱ्यावर ढकलायची त्यांना सवयच झाली होती. त्यांनी पत्र्याची ती लांबोडकी पेटी उचलून कानाशी धरली. आत उबेसाठी ठेवलेला कापूस कोणीतरी कुरतडत होतं.

त्यांनी मॅडमना हाक मारली. मॅडम उंदरांच्या मोजणीसाठी याच वर्षी आल्या होत्या. त्यांनी पेटीचं तोंड कापडी पिशवीत धरून हलवलं, तसा पिशवीच्या कोपऱ्यात एवढासा जीव येऊन बसला. तांबूस पाठ, पांढरं पोट, आखूड शेपूट. गवती उंदीर. लख्खरावांनी असा उंदीर शेवटचा पाहिला तेव्हा त्यांच्या डोक्यावर सगळे केस होते.

लख्खराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वनखात्यात मजूर म्हणून लागल्यापासून ते ज्या जागी उभे राहतील ती जागा लख्ख करून सोडत, म्हणून सोबत्यांनी चेष्टेत दिलेलं नाव कायमचं चिकटलं. तेव्हा हा अख्खा उतार गवताचा होता. मग घाणेरी आली. कुणीतरी फुलांवर भाळून बागेत लावलेलं हे बाहेरचं झुडूप कुंपण ओलांडून आलं आणि उतारभर हातपाय पसरून बसलं. त्याच्या सावलीत गवत मेलं. गवताचं बी खाणारे आणि गवताचंच घरटं विणणारे हे उंदीरही गेले, आणि त्या जाळीत गोदामांतले मोठे काळे उंदीर येऊन माजले.

सातवा तुकडा लख्खरावांनी एकट्याने घाणेरी उपटून मोकळा केला होता. पण दर मोजणीला बाजूच्या जाळीतले पिंजरे काळ्या उंदरांनी भरत आणि साफ केलेल्या तुकड्यात शून्य. खात्याच्या साहेबांनी यंदा सांगूनच टाकलं होतं की ही मोजणी रिकामी गेली तर तुकडा सोडून द्यायचा. लख्खराव महिनाअखेर निवृत्त होणार होते. आपली अकरा वर्षं आपल्यामागे घाणेरीच्याच घशात जाणार, हे त्यांच्या जिवाला फार लागून राहिलं होतं.

"मादी आहे. सतरा ग्रॅम," मॅडम काटा बघत म्हणाल्या. "आणि गाभण आहे."

त्यांनी तिच्या कमरेवरचे चार केस कातरून खूण केली आणि तिला जमिनीवर सोडलं. ती सरळ वाळक्या काटक्यांच्या ढिगात शिरली.

"जिंकलात काका. तुमच्या मेहनतीला फळ आलं."

लख्खराव हसले, पण त्यांची नजर त्या ढिगावर खिळली होती. तो ढीग तिथे असायलाच नको होता. दहा वर्षं ते उपटलेली घाणेरी जाळून टाकत, पडलेला पाला खराट्याने झाडत आणि उगवलेलं गवत वीतभरही वाढू देत नसत. गेल्या वर्षी गुडघ्याने दगा दिला. तोडलेली झुडपं पडली तिथेच राहिली, गवत कंबरेपर्यंत वाढलं. हा पसारा मॅडमच्या नजरेस पडू नये म्हणून आज लख्खरावांनी त्यांना लांबच्या बाजूने आणलं होतं. आणि नेमकी त्या पसाऱ्यातच ती गाभण बया राहायला आली होती.

घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली.

"एवढी वर्षं घर झाडलं असतंत, तर मला तरी उपयोग झाला असता."

"चेष्टा नको गं. मॅडम लिहिणार, साफसफाईने उंदीर आला म्हणून."

"मग खरं काय ते सांगा ना. नाहीतर नवा माणूस येऊन सगळं झाडून टाकेल, आणि बसेल ती उघड्यावर पिल्लं घेऊन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं. सांगताना कान तापले. मॅडमनी आधी सगळं ऐकून घेतलं, मग तुकड्यात गुडघ्यांवर बसून ढीग पाहिले, गवतातल्या उंदरांच्या बोटभर रुंदीच्या वाटा पाहिल्या. घाणेरी काढणं बरोबरच होतं, त्या म्हणाल्या, चुकलं ते त्यापुढचं जाळणं-झाडणं. अहवालात तसंच लिहीन, चालेल ना, असं त्यांनी विचारलं. लख्खराव म्हणाले, लिहा. लाज वाटत होती, पण त्याहून मोठा आनंद होता, आणि दोन्ही एकाच वेळी होऊ शकतात हे त्यांना या वयात कळत होतं.

तुकडा राहिला. पण निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी अहवाल न वाचताच भाषण केलं. यांनी तुकडा आरशासारखा ठेवला, म्हणाले. पहिल्या रांगेत बसलेला, चाळिशीचा, कामाला वाघ असलेला नवा माणूस मान डोलवत होता. जन्मात कधी चारचौघांत न बोललेले लख्खराव उभे राहिले. "तेच चुकलं, साहेब. तिथला कचरा कुणी उचलू नका." सगळे खळखळून हसले. म्हाताऱ्याने शेवटच्या दिवशी विनोद केला, असंच सगळ्यांना वाटलं.

त्यांनी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि नव्या माणसाला दंडाला धरून तुकड्यावर नेलं. ऊन कलतं झालं होतं.

"बापरे, काय पसारा आहे," नवा माणूस बाह्या सरसावत म्हणाला. "दोन दिवसांत चकाचक करतो, बघा."

"आधी इथे बस. बोलू नकोस."

दोघं बराच वेळ बसले. नवा माणूस कंटाळून उठला, ढिगाकडे एक पाऊल टाकलं, आणि काटक्यांच्या बुडातून ती बाहेर आली. कमरेवरचे केस कातरलेले होते. तोंडात पिल्लू होतं, अजून डोळेही न उघडलेलं. ती शेजारच्या ढिगात जाऊन आली, मग दुसरं पिल्लू नेलं, मग तिसरं.

नव्या माणसाने टाकलेलं पाऊल हळूच मागे घेतलं.