साडेअकराचा डबा

अमरावती-अकोला गाडीवर धर्मपालभाऊंसोबत ड्युटी लागली की प्रणाली धास्तावायची. कंडक्टर होऊन तिला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. भाऊंच्या गाडी चालवण्यात खोट नव्हती, पण तोंड एकदा सुटलं की आवरत नसे. बडनेऱ्याजवळ एका मोटारसायकलवाल्याने बसला गाडी आडवी घातली, तेव्हा तर ते गाडी उभी करून खाली उतरले आणि ओरडता ओरडता छाती धरून रस्त्यातच बसले.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. हृदय ठीक होतं, रक्तदाब मात्र भलताच वाढलेला. गोळी सुरू झाली. मग त्यांच्या बायकोने, आशाबाईंनी, त्यांना अकोल्यातल्या एका वैद्यबाईंकडे नेलं. त्यांनी औषध थोडंच दिलं, विचारलं मात्र खूप. भाऊंनी आठवून आठवून मोजलं, तर दिवसाला चौदा चहा निघाले आणि जेवणाला ठरलेली वेळच नव्हती.

"डॉक्टरांची गोळी सोडायची नाही," बाई म्हणाल्या, "पण चहा आणि मिरची बंद, आणि जेवायचं मी सांगते त्या वेळेला."

बदल काही एका झटक्यात झाला नाही. पहिला आठवडा चहाविना डोकं ठणकायचं, तेव्हा भाऊ आणखीच खेकसायचे. पण साडेअकराला मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी टेकली की डबा उघडायचाच. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी, जिरं घातलेलं ताक. शेजारचे ड्रायव्हर तर्रीत कचोरी बुडवून हाणायचे.

"काहून भाऊ, बाळंतिणीचं खाऊन राहिले का?" एकजण चिडवायचा.

वऱ्हाडी माणसाने मिरची सोडायची म्हणजे गंमत नाही. भाऊ मान खाली घालून घास चावत राहायचे. रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच, मग तळपायांना तेल. "झोप येते बॉ त्यानं, खोटं नाई सांगत," ते प्रणालीला म्हणाले, तेव्हा तिने त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मे महिन्यात बोरगाव मंजूजवळ इंजिनाचा पट्टा तुटला. टळटळीत ऊन. लग्नाला निघालेला एक प्रवासी भाऊंच्या अंगावर धावून आला. "फुकटचा पगार खाता! लायकी नाई तुमची!"

भाऊंच्या मानेवरची शीर तटतटली. प्रणालीने डोळेच मिटले. उघडून पाहते तर भाऊ बाटलीतलं पाणी तोंडावर मारत होते. तीन-चार श्वास त्यांनी सावकाश घेतले.

"लग्न चुकून राहिलं तुमचं, समजते मले," ते म्हणाले. "पयले सावलीत चला, मंग बोलू."

म्हाताऱ्या माणसांना त्यांनी हात धरून निंबाखाली बसवलं, डेपोला फोन लावला, मागून आलेली गाडी थांबवली आणि तिच्यात पहिली जागा त्या लग्नवाल्याला करून दिली.

सगळे गेल्यावर दोघं रिकाम्या गाडीच्या पायरीवर टेकले.

"भाऊ, राग नाई आला तुमाले?"

"आला ना. लय आला. पन येऊन गेला. पयले मुक्काम करे."

प्रणाली त्यांच्याकडे बघतच राहिली. या माणसाला आपण वर्षभर भ्यायलो, आणि तो इतकं मोठं काम मुकाट्याने करत होता.

"मले बी सांगा ना तसं काही."

"सकाळी काय खाऊन आली तू?"

तिला आठवावं लागलं. "काहीच नाई."

"मंग तुले कायले वैद्य पायजे? उद्यापासून भाकर खाऊन येत जाय."

आवाजात तोच जुना दरारा होता. दुसऱ्या दिवशी प्रणाली अर्धा तास लवकर उठली.