वळून न पाहणारी करिष्मा

मित्रांनो, भिलाईच्या खुर्सीपारमधल्या आमच्या बालवाडीत शिरलात की डाव्या हाताच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली एक डफली दिसते. तिचं कातडं मधोमध फाटलेलं आहे आणि कड्याला चीर गेली आहे. ती जुनी डफली म्हणजे मी. मला आता कोणी वाजवत नाही. पण माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच काही आहे, आणि ते सांगताना आजही मला भीती वाटते.

माझा जन्म दुर्गच्या जुन्या बाजारातल्या एका दुकानात झाला. कारागिराने आंब्याच्या लाकडाचं गोल कडं केलं, त्यावर बकरीचं कातडं ताणून बसवलं आणि कड्याच्या खाचांत पितळी चकत्या ओवल्या. मग त्याने बोटाने टिचकी मारली. माझा आवाज ऐकून तो स्वतःशीच हसला. थोड्याच दिवसांत एक मुलगी दुकानात आली आणि मला घरी घेऊन गेली. तिचं नाव सुजाता. नुकतीच लग्न होऊन ती भिलाईला आली होती आणि बालशिक्षणाचा डिप्लोमा करत होती. लहान मुलांना ताल शिकवण्याच्या पाठासाठी तिला मी हवी होते.

घरात शिरताच तिचे सासरे धोंडबा यांची नजर माझ्यावर पडली. ते रेल्वेत रूळ तपासणारे कामगार होते आणि आता निवृत्त झाले होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"सुजाता, हे घरात कावून आणलं?"

"मामाजी, लहान लेकरायले शिकवाले लागते. डिप्लोम्याचा पाठ आहे."

"माह्या बापानं हे वाजवणं सोडलं होतं, बेटा. गावाचा हुकूम आला की त्याले वाजवाच लागे. बाबासाहेबांचं ऐकलं अन् डफडं विहिरीत टाकलं. मंग मले शाळेत घातलं."

"हे हुकमाचं नाही, मामाजी. हे शिकवाचं आहे."

धोंडबांनी मला घरात राहू दिलं. पण त्यांनी मला कधी हातही लावला नाही. माझ्या जवळून जाताना ते मान दुसरीकडे वळवत. मला त्याचा राग आला नाही. ज्या आवाजाने आपल्या बापाची मान खाली गेली, तो आवाज कोणाला गोड वाटेल?

डिप्लोमा झाला आणि सुजाता बालवाडीत शिकवू लागली. ते माझे सुखाचे दिवस होते. सकाळी मी वाजले की अंगणात पांगलेली मुलं धावत येऊन गोल करून बसत. पावसाळ्यात माझं कातडं सैल पडे, तेव्हा सुजाता मला शेगडीजवळ धरून शेकवी. मुलं म्हणत, "मॅडम, डफली को ठंड लगी क्या?" आणि आपले हातही माझ्याबरोबर शेकत.

आमची बालवाडी रेल्वेलाइनच्या अलीकडच्या गल्लीत होती. गाडी दिसायच्या, ऐकू यायच्या आधीच माझ्या कातड्याला ती कळे. एक बारीक थरथर जमिनीतून, भिंतीतून, खिळ्यातून माझ्यापर्यंत येई. मुलं खेळण्यात दंग असत, बाया बोलत असत, आणि मी एकटी थरथरत असे. तेव्हापासूनच मला त्या रुळांचं भय वाटू लागलं होतं.

करिष्मा त्याच रुळांजवळच्या वस्तीतून यायची. चार वर्षांची, कुरळ्या केसांची, हसरी. तिची आई भाग्यश्री वैशाली नगरात घरकामाला जायची आणि बाप मालगाड्यांतला माल उतरवायला जायचा. सुरुवातीला मी वाजले की गोलात सर्वांत आधी येऊन बसणारी हीच. मग एका थंडीत तिला जोराचा ताप आला. ती बरेच दिवस दवाखान्यात होती. परत आली तेव्हा पूर्वीसारखीच हसत होती, पण मला काहीतरी खटकलं. मी वाजले, सगळी मुलं धावली, आणि करिष्मा अंगणात तशीच माती उकरत बसली. मुलं धावताना दिसली तेव्हा कुठे ती उठली आणि मागोमाग आली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी जीव तोडून वाजत होते आणि ती वळत नव्हती. हे फक्त मला दिसत होतं. पण मित्रांनो, डफलीला वाजवणाऱ्याचा हात असतो, स्वतःची जीभ नसते.

मोठ्या बाई सत्यभामा म्हणाल्या, "आजारपणात लाड झाले, म्हणून जिद्दी झाली." सुजातालाही तसंच वाटलं. करिष्माचं बोलणं हळूहळू कमी झालं. आधी शब्द अर्धे झाले, मग नुसते हुंकार उरले. दिवा तेल संपून विझत जावा तशी ती आमच्या डोळ्यांदेखत गप्प होत होती, आणि सगळे तिला हट्टी म्हणत होते.

याच सुमारास बालवाडी चालवणाऱ्या संस्थेने सांगितलं, की यापुढे वर्गशिक्षिका म्हणून पदवी असलेल्यांनाच ठेवू. डिप्लोमावाल्या बायांना मदतनीस व्हावं लागेल. सुजाताने घरी येऊन पदवी करायचा विषय काढला. तिचा नवरा प्रफुल कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. तो म्हणाला, "आता या वयात कॉलेज?" पण धोंडबांनी त्याला मध्येच थांबवलं.

"कोन्या वयात शिकू नये असं कुठं लिहिलं आहे? सुजाता, तू नाव भर. घरचं मी पाहून घेतो."

डिप्लोमा असलेल्यांना विद्यापीठात दोन वर्षांच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात बसता येत होतं. दर रविवारी सुजाता दुर्गला वर्गाला जाऊ लागली. तिथल्या ललिता मॅडमनी प्रत्येकीला एकेका मुलाचं निरीक्षण करायला सांगितलं. सुजाताने करिष्मा निवडली. 'ऐकत नसलेलं मूल' असं तिने आपल्या विषयाला नाव दिलं. तेव्हा तिला ठाऊक नव्हतं, की ते नाव किती खरं निघणार आहे.

एका रविवारी ती मला वर्गाला घेऊन गेली. ललिता मॅडमनी माझ्या कातड्यावर मूठभर तांदूळ टाकले आणि कड्यावर टिचकी मारली. तांदूळ नाचू लागले. "आपल्या कानातही असाच एक पडदा असतो," त्या म्हणाल्या. "आवाज आला की तो हलतो, मग आतली नस ती खबर मेंदूला देते. मोठ्या तापात कधी कधी ती नसच मरते. मूल मात्र पाहून पाहून सगळं करत राहतं, म्हणून कोणाला कळत नाही. मूल ऐकतं की नाही हे बघायचं असेल, तर त्याच्या मागे उभं राहून बघा."

सुजाताने वही उघडून आपल्या विषयाचं नाव पुन्हा वाचलं.

सोमवारी करिष्मा खिडकीकडे तोंड करून मणी ओवत बसली होती. सुजाता तिच्या मागे गेली आणि तिने मला हळू वाजवलं. मग जोरात. मग इतक्या जोरात, की शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहिली. करिष्माने पुढचा मणी उचलला आणि शांतपणे दोऱ्यात ओवला.

सुजाता तिच्यासमोर खाली बसली. तिने तिचा इवलासा तळवा माझ्या कातड्यावर ठेवला आणि कड्यावर थाप मारली. करिष्माचे डोळे मोठे झाले. ती खुदकन हसली. तिने दुसरा हातही ठेवला, मग गाल टेकवला. त्या दिवशी सुट्टी होईपर्यंत ती मला सोडायला तयार होईना. आवाजाच्या जागी तिला माझी थरथर सापडली होती.

त्याच संध्याकाळी सुजाताने भाग्यश्रीला सांगितलं, "भाग्यश्रीताई, करिष्माले ऐकू येत नाही असं वाटते. दुर्गच्या दवाखान्यात कान दाखवून घेऊ. मी संग येतो."

भाग्यश्रीचा चेहरा लाल झाला. "माह्या पोरीले बहिरी म्हणून राहिल्या का तुम्ही? मले पाहून हसते, सांगितलं ते समजते. उद्या वस्तीत सारे तेच म्हणतीन!"

सत्यभामाबाईही सुजातावरच चिडल्या. "तुले अजून पदवी भेटली नाही, अन् तू डॉक्टरकी करून राहिली?"

दुसऱ्या दिवशी करिष्मा आली नाही. त्यानंतर आलीच नाही. तिच्या बसायच्या जागेवर मुलं बसत नव्हती. का ते मला माहीत नाही. सुजाता करिष्माच्या घरी गेली की दाराला कुलूप असे. शेजारीण सांगे, "आई कामाले जाते, पोरगी फिरत राहते. कधी कधी लाइनीवर दिसते." ते ऐकून सुजाता लाइनीपर्यंत जाऊन बघे, पण पोर सापडत नसे. मी भिंतीवर थरथरू लागले की आता मला गाडीच्या आधी करिष्मा आठवे.

शेवटी सुजाताच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक दुर्गला येणार होते. सुजाताने मला कापडी पिशवीत घातलं आणि धोंडबांच्या स्कूटरवर मागे बसली.

"मामाजी, आधी भाग्यश्रीताईच्या घरावरून चला. सकाळी त्या घरी असतात."

"परीक्षेले उशीर होईन, बेटा."

"तरी चला."

वस्तीच्या टोकाला स्कूटर थांबली. पिशवीतूनच मला ती थरथर जाणवली, नेहमीपेक्षा जाड. सुजाताने समोर पाहिलं आणि स्कूटरवरून उडी मारली.

करिष्मा रुळाशी उकिडवी बसली होती. दोन्ही तळवे रुळावर टेकलेले. ती हसत होती. रूळ थरथरत होता, माझ्यासारखाच. तिच्या पाठीमागच्या वळणावरून मालगाडी येत होती.

"करिष्मा!" सुजाता ओरडली. हाक मारून काही होणार नाही हे ठाऊक असूनही ती ओरडली. धोंडबा दोन्ही हात हलवत गाडीच्या दिशेने धावले. भोंगा वाजू लागला तो थांबेचना. आसपासची कुत्री पळाली, पाखरं उडाली. करिष्मा वळली नाही.

सुजाता धावत होती, पण मधलं अंतर फार होतं. मग तिने मला पिशवीतून ओढून काढलं आणि सगळ्या ताकदीने रुळांच्या अलीकडच्या पायवाटेवर घरंगळत सोडलं. मी चाकासारखी उड्या मारत सुटले. चकत्या उन्हात लकाकत होत्या. दगडांनी माझं कडं फुटलं, कातडं टरकन फाटलं. मी करिष्माच्या अगदी बाजूने गेले. तिने मला पाहिलं. तिचे हात रुळावरून उठले. ती माझ्या मागे धावली, उतारावरून खाली, आणि माझ्यावर येऊन पडली. तिच्यामागून गाडी धडधडत गेली. शेवटचा डबा जाईपर्यंत सुजाता तिला छातीशी आवळून बसली होती.

भोंगा ऐकून भाग्यश्री पाण्याची बादली टाकून धावत आली. ती पोरीकडे आणि गाडीकडे आळीपाळीने बघत राहिली. "एवढा भोंगा वाजला," ती पुटपुटली, "अन् इनं पाहिलंबी नाही." मग तिने पोरीचे दोन्ही कान तळव्यांनी चाचपले.

धोंडबा धापा टाकत परत आले. त्यांनी दगडांतून मला उचललं, दोन्ही हातांनी, आणि फडक्याने माझ्यावरची धूळ पुसली.

"परीक्षा पुढच्या खेपेले होते, सुजाता," ते म्हणाले. "आधी पोरीचे कान. ऑटो पाहतो मी."

दुर्गच्या दवाखान्यात तपासणी झाली. एका कानाची नस पूर्ण गेली होती, दुसऱ्यात थोडा जीव होता. डॉक्टर म्हणाले, "तापानंतर लगेच आणलं असतं, तर बोलणं इतकं मागे पडलं नसतं." जे ऐकायचं होतं ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

सुजाताची परीक्षा हुकली. ते सगळं वर्ष ती आपल्याच वर्गात मदतनीस म्हणून राहिली. मुलांची नाकं पुसली, चटया घातल्या. पुढच्या वर्षी तिने पुन्हा परीक्षा दिली आणि पदवी मिळवली. आता ती वर्गशिक्षिका आहे, आणि तिच्याकडे नवी डफली आहे. करिष्माच्या एका कानाला यंत्र बसलं. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा ती घाबरून रडली. आता ती काही शब्द बोलते. काही शब्द तिला कधीच येणार नाहीत, असं ललिता मॅडम सांगतात.

मित्रांनो, एखादं मूल हाकेला वळलं नाही, तर त्याला हट्टी म्हणण्याची घाई करू नका. त्याच्या मागे उभे राहा आणि टाळी वाजवून बघा. ज्याला ऐकू येत नाही, त्याला आपल्याला ऐकू येत नाही हे सांगताही येत नाही. ते दुसऱ्या कोणालातरी आधी कळावं लागतं, आणि ते कळण्यासाठीच शिकायचं असतं.

सुजाता आता सुट्टीच्या दिवशी रुळांजवळच्या वस्तीत दारोदार जाते. तिच्याबरोबर भाग्यश्री असते. कोणी आई चिडली, दार लावू लागली, की भाग्यश्री दारात पाय ठेवते आणि म्हणते, "बाई, मले बी असाच राग आला होता. तू राग नंतर कर. आधी पोराले घेऊन चल."

काही दारं उघडतात. काही अजून बंद आहेत. आणि दिवसभर गाड्या जातच असतात.