मतदानापुरतं माहेर

बाकीच्या बायांचं माहेर भाऊबीजेला उघडतं, सत्यभामेचं निवडणूक आयोग उघडायचा. एकोडीत सून म्हणून आल्याला तिला बावीस वर्षं झाली होती, पण मतदार यादीत नाव अजून बपेऱ्यालाच होतं. दिवाळीत नणंदा यायच्या म्हणून सुनेनं घरी राहायचं, पावसाळ्यात धानाचा रोवणा, पुढे कापणी, उन्हाळ्यात कोणाचं ना कोणाचं लग्न. सासू गोदावरीबाईंचा प्रश्न ठरलेला, "काम कोन करल?" मतदान म्हटलं की मात्र त्याही गप्प बसायच्या. सरकारी कामापुढे सासूचंसुद्धा चालत नाही.

लोक निवडणुकांच्या नावानं बोटं मोडतात, सारख्या येतात म्हणून. सत्यभामेला विचारा! एकदा सरकार पडणार अशी बातमी टीव्हीवर आली, तर या बाईनं चुलीपुढे बसून मनातल्या मनात नवस बोलून टाकला होता. साकोली, तुमसर, बपेरा अशा गाड्या बदलत ती आदल्या संध्याकाळी पोचायची. तिचे बाबा, भैय्यालाल, नदीतून धरून आणलेले मासे तिला रांधायला द्यायचे आणि ती जेवत असताना नुसते बघत बसायचे. सकाळी बापलेक शाळेपर्यंत चालत जायचे, मत द्यायचे, आणि दुपारच्या गाडीनं ती परत निघायची. आई तर कधीचीच गेली होती. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे झाले होते आणि दर खेपेला जरा जास्तच वाकलेले दिसायचे.

अशातच एक दिवस अंगणवाडीची अपेक्षा यादी घेऊन दारात आली. गावातल्या मतदारांच्या नोंदीचं काम तिच्याकडे होतं.

"काकू, घरात मोठी मानसं तीन, अन् यादीत नावं दोनच. तुमचं कुठं हाय?"

"बपेऱ्याले."

"पन राहता तर इथंच ना? जिथं राहता तिथंच नाव पायजे, अन् एकाच जागी. हा आठ नंबरचा फॉर्म भरा. कार्डाचा नंबर तोच राहते, पत्ता बदलते."

मग तिनं ओट्यावर बसून सगळं नीट समजावलं. मतदान कुठल्या शाळेत, चिठ्ठी घरी कशी येते, मतदान कार्ड सापडलं नाही तर आधार चालतं, आणि मत कोणाला द्यायचं हे नवऱ्यालासुद्धा सांगायची गरज नाही. "इथल्या नळाले पानी नाही म्हनून तुमी बोंबलता," ती हसून म्हणाली, "अन् सरपंच निवडता बपेऱ्याचा!"

बोलणं बरोबरच होतं. म्हणून तर सत्यभामेनं फॉर्म अपेक्षाकडे परत सरकवला.

"पुढच्या खेपेले भरतो," ती कशीबशी म्हणाली.

अपेक्षाला कळायचं ते कळलं. तीही सासुरवाशीणच. "तुमच्या सहीबिगर मी काही करत नाही, काकू. फॉर्म राहू द्या, परवा येतो. पन माहेरी जायचा फॉर्म सरकारनं अजून काढला नाही."

सत्यभामा मोबाईल घेऊन गोठ्यामागे गेली.

"बाबा, माहं नाव इकडं आनाले सांगून राहिले."

पलीकडून आधी खोकला आला. "आन मंग. कायदाच हाय तसा."

"मंग मी येऊ कशी?"

"बाई, इतके वर्षं तू मत द्याले येत होती का मले भेटाले?"

"तुमाले भेटाले."

"मंग तसं सांगत काहून नाही? मी बी लोकाईले सांगतो, पोरगी मताले आली. बापाले भेटाले आली, असं एकडाव तरी सांगू दे ना मले."

गाय बघत राहिली आणि सत्यभामा पदरात तोंड घालून पोटभर रडली.

तिसऱ्या दिवशी अपेक्षा आली आणि सत्यभामेनं सही केली. बपेऱ्याच्या यादीतलं नाव आता खोडलं जाणार होतं. अपेक्षा पोचपावती देऊन गेली. गोदावरीबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या, त्यांच्यापुढे ती जाऊन उभी राहिली.

"आई, मी उद्या बपेऱ्याले जाऊन राहिली."

"मतदान हाय का?"

"नाही."

"मंग?"

"बाबाची आठवन येऊन राहिली."

बावीस वर्षांत हे वाक्य या घरात कोणी बोललं नव्हतं. गोदावरीबाईंचं सूप थांबलं. आता कामाचा प्रश्न येणार म्हणून सत्यभामा तयारीनं उभी होती. म्हातारी मात्र सुपातला एकच दाणा बोटानं इकडून तिकडे सारत राहिली.

"पहिल्याच गाडीनं जाय," ती शेवटी म्हणाली. "माह्या बाबाले जाऊन छत्तीस वर्षं झाले. मले अजून आठवन येते."