हारातली सफरचंदं

तुळजाबाईंनी सफरचंद कापलं आणि फोड खिडकीच्या उजेडात धरली. एका गालातून शिरून दुसऱ्या गालातून बाहेर पडलेलं आरपार भोक होतं. कीड म्हणावं तर आत कीड नव्हती, आणि कीड इतकी नाकासमोर चालत नाही, हे शेतात जन्म काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको. त्यांनी दुसरं कापलं. तेही तसंच. 

दवाखान्याच्या पलंगावर त्यांचा लेक दयानंदराव कार्यकर्ता बजरंगच्या मोबाइलकडे बघत होता. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, चेहऱ्यावर जमेल तेवढं दुःख.

"मित्रांनो, मला आयुष्यात कुणी काही दिलं नाही. दिले ते फक्त घाव."

"दादा, अजून एकदा," बजरंग म्हणाला. "मधीच सिस्टर आली."

दयानंदरावांनी घाव पुन्हा एकदा दिले. हे वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. जिल्हा परिषदेवर दोनदा निवडून गेले तेव्हा ते म्हणाले, मला मुंबईपर्यंत जाऊ दिलं नाही. पक्षानं तिकीट कापलं तेव्हा पाठीत खंजीर खुपसला. यंदा तिकीट दिलं, तर म्हणाले, मला पाडण्यासाठीच दिलं.

हात मोडला तो मात्र खराच. काल नायगावच्या फाट्यावर त्यांच्या स्वागताला क्रेन आणली होती आणि क्रेनला सफरचंदांचा आणि झेंडूचा भलामोठा हार. हार खाली आला, फोटो निघाले, आणि मग गर्दी हारावर तुटून पडली. हाराखाली आपला उमेदवार उभा आहे, ही बारीकशी गोष्ट कुणाच्या ध्यानात राहिली नाही. समोरच्या टपरीवर लिंबाजी चहा पीत होता. लिंबाजी म्हणजे दयानंदरावांच्याच गावचा, आणि या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला. त्यानं कप खाली ठेवला, गर्दीत शिरला, कॉलर धरून दयानंदरावांना बाहेर ओढलं आणि आपल्या टेम्पोत टमाट्याच्या कॅरेटशेजारी निजवून थेट नांदेडच्या या दवाखान्यात आणलं.

दयानंदरावांच्या मते हा हल्ला होता.

"माझी कॉलर कुणी धरली, माय? लिंबाजीनंच ना?"

"भाईर काढाया धरली रे."

"मग दवाखान्यात काहून आणलं? पाप झाकायला."

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. तुळजाबाईंना लेकाची लाज वाटली आणि कीवही आली. लिंबाजीची आई आणि त्या एका बांधाला बसून खुरपत आल्या होत्या. तिला काय तोंड दाखवायचं?

दारात हवालदार आले. जबाब घ्यायचा होता. त्यांनी स्टूल ओढलं, पेनाचं टोपण काढलं.

"साहेब, तुम्ही फक्त नाव घ्या. लिंबाजी भाईरच बाकड्यावर बसून हाय. असाच उचलतो त्याला."

बजरंगचे डोळे चमकले. मतदान तोंडावर आलेलं. लिंबाजी आत गेला की मैदान मोकळं.

"घेतो ना," दयानंदराव म्हणाले. "पण आधी हे बघा, हवालदारसाहेब." त्यांनी डाव्या हातानं खाटेखालच्या टोपलीकडे बोट केलं. सकाळपासून भेटायला येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यानं पिशवीभर सफरचंदं आणली होती. टोपली शिगोशीग भरून बाजूला ढीग लागला होता. "ही लोकांची माया. घरात नसेल, पण माझ्यासाठी घेऊन येऊन राहिले. आन् त्यो लिंबाजी? रिकाम्या हातानं बसलाय."

"खाय मग मायेची," म्हणत तुळजाबाईंनी एक फोड त्यांच्या तोंडात दिली.

दयानंदरावांनी फोड चावली आणि ते थांबले. दाताला काहीतरी लागलं होतं. त्यांनी बोटं घालून ओढलं. ओढलं तसं ते येतच गेलं. चांगली वीतभर सुतळी, आणि तिच्या टोकाला चिकटलेली झेंडूची पाकळी.

ते त्या पाकळीकडे बघत राहिले. मग टोपलीकडे. वाकून त्यांनी एक सफरचंद उचललं, डोळ्यासमोर धरलं. भोकातून त्यांना पलीकडे उभा असलेला बजरंग दिसला. बजरंगनं मोबाइल हळूच खाली घेतला. टोपलीशेजारच्या ढिगातली सगळ्यात मोठी पिशवी त्याची होती.

"लिहू का, साहेब?" हवालदारांनी विचारलं. "हल्लेखोर किती व्हते?"

"लई व्हते."

"वळखीचे?"

"हाव. सगळे घरचेच."

हवालदारांचं पेन अडखळलं.

"आन् लिंबाजी?"

दयानंदरावांनी सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"त्यो एकटाच भाईरचा व्हता," ते म्हणाले. "त्याचं नाव नका घालू. अपघात लिहा."

हवालदारांनी पेनाला टोपण लावलं. तुळजाबाई उठल्या आणि दारात जाऊन त्यांनी हाक मारली. लिंबाजी आत आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यानं खाटेखाली ठेवलं.

"तुझी चप्पल. एक फाट्यावरच पडली व्हती. दुसरी तुझ्या पायात व्हती म्हून ही आणली." मग जरा थांबून, "हात कसा हाय?"

दयानंदरावांनी पाय आखडून घेतले. पलंगावर एक माणूस बसेल एवढी जागा झाली. लिंबाजी बसला.

मग दयानंदराव म्हणाले, "बजरंग, चालू कर त्यो मोबाइल."

बजरंगनं चालू केला. सवयीनं दयानंदरावांचा चेहरा दुःखी झाला.

"मित्रांनो, मला आयुष्यात कुणी काही दिलं नाही..."

शेजारी लिंबाजी आपल्या गुडघ्यावरचा टमाट्याचा वाळलेला डाग नखानं खरवडत होता. दयानंदराव त्या डागाकडे बघत राहिले.

"...असं मी आजवर सांगत आलो," ते म्हणाले.

पुढचं वाक्य त्यांना पाठ नव्हतं. बजरंग मोबाइल धरून उभा राहिला.