क्रीम राहिलंय गालावर

आमच्या शालिनीवहिनींचं डोकं संकटात भलतंच चालतं, आणि चाललं की हमखास खड्ड्यात जातं. पल्लवीला बघायला नागपूरहून मंडळी यायची होती, तर वहिनींनी पार्लरवाली घरीच बोलावली आणि लेकीच्या डाव्या गालावरचं कोड फाउंडेशनखाली गाडून टाकलं.

"वन्सं, तुम्ही मध्ये बोलू नका," मला आधीच दम दिला. मी पल्लवीची आत्या, इथेच भोपाळात कोलार रोडला राहते, आणि गप्प बसणं माझ्या पत्रिकेतच नाही. पण स्थळ वहिनींच्या माहेरच्या ओळखीतलं, म्हणून गिळलं.

पल्लवी पाइपलाइनच्या साइटवर इंजिनिअर आहे. कोडाच्या कातडीला रंग नसतो, त्यामुळे ती उन्हात आधी भाजते. गेल्या वैशाखात क्रीम न लावता दिवसभर साइटवर राहिली, तर गालावर फोड आले. तेव्हापासून ती दर दोन-तीन तासांनी सनस्क्रीन लावते, पूर्ण बाह्या घालते आणि स्कूटरवर तोंडाला स्टोल गुंडाळते. भोपाळात उन्हाळ्यात सगळ्याच पोरी तशा दरोडेखोरांसारख्या फिरतात. "आत्या, मला मे महिना आवडतो," ती एकदा म्हणाली होती. "कोई घूरता नहीं." मला फार वाईट वाटलं होतं.

मंडळी शाहपुऱ्याला वहिनींकडे पोचली ती ऐन दुपारी. रिक्षावाल्याने तलावापाशीच उतरवलं, तिथून घर शोधत चालत आले. मुलगा आशय गोरा, त्याचं नाक टोमॅटोसारखं लाल झालेलं. त्याची आई सुनंदाबाई मोकळ्या स्वभावाची. आल्या आल्या पल्लवीला शेजारी बसवून घेतलं. पोहे आले आणि लाइट गेली. कूलर थांबला. पल्लवीच्या कपाळावरून घाम निघाला तो थेट गालावर. वहिनी पुठ्ठ्याने वारा घालत सुटल्या, पण फाउंडेशन काही ऐकेना.

"अगं, क्रीम राहिलंय गालावर," सुनंदाबाई मायेने म्हणाल्या आणि पदराच्या टोकाने पुसू लागल्या. पुसतील तसतसं पांढरं वाढतच गेलं.

"हो हो, सनस्क्रीन!" वहिनी जवळजवळ ओरडल्याच. "नीट चोळतच नाही कधी!"

"ते क्रीम नाही, काकू," पल्लवी म्हणाली. "कोड आहे. आईने झाकलं होतं, मीही झाकू दिलं."

सुनंदाबाईंनी हात मागे घेतला. "दुखलं का गं?"

"पुसल्याने नाही. ऊन लागलं की दुखतं."

मग त्या वहिनींकडे वळल्या. "कोड असतं माणसाला. पण आम्हाला अंधारात का ठेवलंत?"

वहिनींना रडू फुटलं. सकाळपासून मला त्यांचा राग येत होता, त्या क्षणी मात्र कीव आली. पोरीला पुन्हा नकार ऐकावा लागू नये, एवढ्यासाठीच तर सगळा आटापिटा.

पल्लवी उठली, तोंड खसखसून धुऊन आली आणि सगळ्यांसमोर नेहमीचं सनस्क्रीन लावू लागली. "आज अर्धीच सुट्टी मिळालीय, साइटवर जायचंय," म्हणाली. डाग आता चांगला उघडा होता.

"मलाही द्या थोडं," आशय म्हणाला. "नाकाची पार वाट लागलीय."

"भाजल्यावर काय उपयोग? निघायच्या आधी लावायचं असतं."

"मग आता निघायच्या आधीच लावतो. परत स्टेशन गाठायचंय ना."

तिने ट्यूब दिली. त्याने उटणं फासावं तसं फासलं आणि गालावर एक जाड पांढरा पट्टा तसाच राहिला. सुनंदाबाईंनी सवयीने पदर उचलला, त्याच्या गालापर्यंत नेला आणि तिथेच थबकल्या.

"पुसा, काकू," पल्लवी म्हणाली. "ते क्रीमच आहे."