जिताड्यासाठी रॉड

बोनकोड्याच्या त्या गल्लीत सकाळ थेट येत नसे. पूर्वेचा उजेड आधी समोरच्या पाच मजली इमारतीच्या काचांवर पडे आणि तिथून परतून तेजसच्या खोलीच्या भिंतीवर एक फिकट, किंचित थरथरता चौकोन उमटे. तो आधी कॅलेंडरच्या खिळ्याला लागे, मग ओल धरलेल्या पोपड्यांवरून हळूहळू खाली उतरे आणि खुंटीवरच्या शर्टाच्या बाहीशी येऊन असा थांबे, जणू त्याला पुढे कुठे जायचेच नाही. त्यात ऊब नसे. हवेतली धूळ तेवढी दिसे. आज गोदामाला सुट्टी होती, म्हणून तेजस पडल्यापडल्या तो पाहत राहिला. आज बाबा त्याच्याबरोबर नेरूळला येणार होते, मासेमारीचा रॉड निवडायला.

त्याचे बाबा, देवजी, दर उधाणाला पुतण्या रूपेशला घेऊन होडीने खाडीच्या मुखाशी जिताड्याचे मोठे मासे धरायला जात. महिन्यापूर्वी तेजस दाराशी घुटमळला, तेव्हा ते हसून म्हणाले होते, "हातात काठी नाय नि निगाला जिताडा धरायला!" तेजसने त्यातला टोमणा वेगळा काढून टाकला आणि अट तेवढी जपून ठेवली. काठी हवी. पाण्यावर निघालेल्याला 'कुठे', 'कोण कोण' असे विचारायचे नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज होता आणि तो तेजसच्या बुजऱ्या स्वभावाला फार सोयीचा पडला. न विचारलेल्या प्रश्नाला नकार मिळत नाही. बाबांना तो एवढेच म्हणाला होता, रॉड घ्यायचाय, निवडायला चला.

दुकानदार मानसिंगने तीन रॉड काउंटरवर ठेवले. तेजसने महिनाभर वाचून ठेवलेले सारे हळू आवाजात सांगितले : कार्बनचा हलका, म्हणून तो बरा.

"हलका हाय, पन होडीच्या काठाला एकदा आपटला का गेला," देवजी म्हणाले. "स्वस्तातला कार्बन म्हंजे पापड. फायबरचा दे, मानसिंगशेट. जड असूं दे, वाकतो पन मोडत नाय. नि या कड्या बघ, तेजस्या. खाऱ्या पान्यात हलकी कडी आठ दिसांत गंजते, मग दोर कापते. टोक धर."

तेजसने टोक धरले. देवजींनी मूठ कमरेला टेकवून रॉड खेचला. तो धनुष्यासारखा वाकला.

"सोडू नको! दहा किलोचा जिताडा हायेस तू आता."

"दहा किलोचा? हा?" मानसिंग हसला. "काका, बोंबील म्हणा."

तिघेही हसले. रॉडमधून बाबांच्या हातांची ओढ तेजसच्या तळव्यांपर्यंत येत होती. इतका वेळ ते त्याच्याशी कधी बोलले होते, हे त्याला आठवेना. या रॉडचा दर बाकीच्या दोन्हींच्या निम्म्यावर होता. त्याच्या पगारात सहज बसणारा. त्याने पाकीट काढले.

"थांब," देवजी म्हणाले. "मूठ आखूड हाय. याच्यात लांब मुठीचा दाखव."

"ह्याच्या हाताला ही बरोबर आहे की, काका."

"याच्या नाय रं. रूपेसचा पंजा केवडा हाय! त्याची जुनी काठी गेली ना गेल्या उधानाला." मग तेजसकडे वळून ते अगदी मायेने म्हणाले, "बरं केलंस पोरा, भावासाठी घेतलीस. तुझा जीव कुठं लागतोय होडीत? तू आपला घरी बरा."

मानसिंगने लांब मुठीचा रॉड आणला. देवजींनी तो तेजसच्या हाती दिला, वजन बघायला. तेजसने बघितले, चांगला आहे म्हणाला, पैसे दिले. रॉड खांद्यावर टाकून देवजी पुढे चालू लागले, फोनवर रूपेशला त्याची लांबी नि मूठ सांगत.

काठी कधीच आड आली नव्हती. बाबांना तो होडीत नको होता.